धारूरच्या घाटातून

धारूरचे नाव इतिहासात येते ते त्याच्या किल्ल्यामुळे. किश्वरखान नावाच्या आदिलशाही सरदाराने १५६७ च्या सुमारास तो उभारला. दोन वर्षांत अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने तो जिंकला, किश्वरखान लढाईत पडला आणि गावाला फतेहाबाद असे नवे नाव मिळाले. पुढे १६३१ च्या आरंभी शहाजहानच्या फौजेने तो निजामशाहीकडून हिसकावून घेतला. दोन शाह्या आणि एक बादशाही बालाघाटाच्या या कड्यासाठी झुंजली. नंतर सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात गेला आणि १९४८ च्या सप्टेंबरात तेथून सुटून स्वतंत्र भारतात आला. किल्ल्याचे बुरूज अजून उभे आहेत. सभोवतीच्या माळावर सीताफळाची झाडे आहेत, आणि पाऊस पूर्वीइतकाच बेभरवशाचा आहे.

आज धारूरचा घाट अधिक ओळखीचा आहे तो दुसऱ्याच कारणासाठी. माजलगाव-तेलगावकडून येणारा रस्ता येथे डोंगर चढून केजकडे जातो. दसरा-दिवाळीच्या दिवसांत या रस्त्यावरून ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून माणसे जातात. वर भांडीकुंडी, पीठ-मिठाच्या पिशव्या, कोंबड्या, शेळ्या, पाळण्यातली मुले आणि घरी एकटी ठेवता येत नाहीत अशी म्हातारी माणसे असतात. ही ऊसतोड कामगारांची टोळी. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, पुणे, नगर आणि थेट कर्नाटकापर्यंतच्या साखर कारखान्यांवर ती पाच-सहा महिने राहते. धारूर, वडवणी, केज, परळी, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या तालुक्यांतली कित्येक गावे या काळात निम्मी रिकामी होतात.

गोपीनाथ मुंडे यांच्या राजकारणाचा विचार करताना या घाटात उभे राहावे लागते. मुंबईच्या विधानभवनातून किंवा दिल्लीच्या संसदेतून पाहिले तर ते एका राष्ट्रीय पक्षाचे मोठे नेते दिसतात. घाटातून पाहिले तर एक वेगळाच प्रश्न पुढे येतो. ज्याच्या पाठीशी कोणतेही घराणे नव्हते अशा माणसाने स्वतःचे घराणे उभे केले ते कोणाच्या बळावर? आणि ज्यांच्या बळावर उभे केले, त्यांच्या हाती काय पडले?

मुंडे यांचा जन्म १२ डिसेंबर १९४९ रोजी धारूरच्या शेजारच्या परळी तालुक्यातील नाथ्रा या खेड्यात झाला. वंजारी समाजातले साधे शेतकरी कुटुंब, वडील पांडुरंग, आई लिंबाबाई. वडील १९६९ मध्ये वारले आणि थोरले बंधू पंडितअण्णा यांनी संसाराचा भार उचलून धाकट्याचे शिक्षण पुरे होऊ दिले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयात त्यांना प्रमोद महाजन भेटले. विद्यार्थी परिषद, राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, पुण्यात कायद्याचे शिक्षण आणि आणीबाणीतला तुरुंगवास अशा वाटेने ते राजकारणात आले. १९७८ मध्ये ते बीड जिल्हा परिषदेवर निवडून आले. त्याच वर्षी महाजनांची बहीण प्रज्ञा यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि मैत्रीला नात्याची गाठ बसली. १९८० मध्ये रेणापूर मतदारसंघातून ते आमदार झाले, १९८५ मध्ये हरले, १९९० मध्ये पुन्हा आले आणि मग २००९ पर्यंत ती जागा त्यांनी सोडली नाही.

त्या काळचे महाराष्ट्राचे राजकारण आठवून पाहावे. ते घराण्यांचे राजकारण होते, आणि घराणे म्हणजे बहुतेक ठिकाणी साखर कारखाना. बारामतीचे पवार, प्रवरानगरचे विखे, अकलूजचे मोहिते, सांगलीत वसंतदादांचे कुटुंब. कारखाना हाती असला की सहकारी बँक, दूध संघ, शिक्षणसंस्था आणि मतदारसंघ हे सारे ओघाने येई. बीड जिल्ह्यातही ही व्यवस्था होतीच. १९७८ ते १९८० या काळात उपमुख्यमंत्री असलेले सुंदरराव सोळंके याच जिल्ह्यातले, आणि बीडच्या केशरकाकू क्षीरसागर लोकसभेवर तीनदा गेल्या. नाथ्र्याच्या पोराला या पंगतीत पाट नव्हता. त्याचा पक्षही शहरातल्या, विशेषतः ब्राह्मण-व्यापारी वस्तीतल्या लोकांचा म्हणून हिणवला जाई. पक्षाचे संघटक वसंतराव भागवत यांनी माळी, धनगर, वंजारी अशा समाजांतून नेते घडवण्याचे धोरण आखले. त्या धोरणाला खेड्यापाड्यातला चेहरा मिळाला तो मुंडे यांचा.

मात्र नुसत्या जातीच्या गणिताने माणूस नेता होत नाही. येथे ऊसतोडीचा धंदा समजून घेतला पाहिजे.

ऊसतोडीच्या व्यवहारात माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीत नेऊन टाकते. मजुरी टनावर, आणि ती जोडीला मिळून. हंगामाआधी मुकादम उचल देतो. पावसाळ्यात पोट भरायला, लेकीच्या लग्नाला, आजारपणाला ती आधीच खर्च होते आणि मग सारा हंगाम ती फेडण्यात जातो. कामावर एक दिवस नाही आले तर खाडा धरतात. त्याचे पैसे उचलीत चढतात. राहायला फडाजवळ कोप्या, दिवा मिणमिणता, पाणी मिळेल तिथले. गाडी भरायची वेळ रात्रीची असली तर रात्री, पहाटेची असली तर पहाटे. पट्टा पडला की घरी परत. उचल फिटली नसेल तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. साखरेचा दर, उसाचा भाव, सभासदाचा लाभांश या साऱ्यांची चर्चा महाराष्ट्रात गेली साठ-सत्तर वर्षे चालू आहे. तोडणाऱ्याच्या दराची चर्चा संप झाला की होई.

मुंडे यांनी नेमकी ही जागा धरली. ज्या घराण्यांच्या कारखान्यांवर बीडचा मजूर राबत होता, त्या घराण्यांच्या समोर त्याच्या वतीने बसणारा माणूस ते झाले. संप पुकारावा, टोळ्या घाट उतरू नयेत, मग पुण्या-मुंबईत बैठक व्हावी आणि दरवाढ ठरावी, असा क्रम पडला. पुढे शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे यांचा लवाद ही रीतच झाली. पवार कारखानदारांच्या बाजूने, मुंडे मजुरांच्या बाजूने. सभेत एकमेकांचे वाभाडे काढणारे दोन नेते या एका टेबलाशी समोरासमोर बसत आणि जो आकडा सांगत तो दोन्ही बाजूंना मान्य होई. धारूरच्या माणसाला लोकसभेसाठी मुंड्यांच्या नावावर मत देण्याची संधी फार उशिरा, २००९ मध्ये आली. परंतु त्याआधी कितीतरी वर्षे त्याच्या कोयत्याचा दर मुंडे ठरवत होते. विधानसभेच्या एका मतदारसंघाच्या सीमा ओलांडून सबंध बालाघाटावर त्यांचा शब्द चालू लागला तो यामुळे.

याकोबाच्या पत्रात शेतकापणी करणाऱ्यांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीबद्दल धनिकांना जे खडसावले आहे ते आपण उपासनेत ऐकत आलो आहोत. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात न्याय्य मजुरी हा दयेचा विषय नसून न्यायाचा आहे असे सांगितले. मराठवाड्यात आपली मंडळी थोडी आहेत. औरंगाबादचा धर्मप्रांत स्थापन झाला तोच मुळी १९७७ मध्ये. तरी हा प्रश्न आपला नाही असे आपल्याला म्हणता येणार नाही.

१९९१ मध्ये मुंडे विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत तेजस्वी काळ. १९९४ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर सारा मराठवाडा दुभंगला असताना त्यांनी नामांतराची बाजू घेतली. त्यांचे मतदार कोठले होते हे ध्यानी घेतले तर त्याला धैर्य लागत होते असे म्हटले पाहिजे. त्यानंतर त्यांनी संघर्षयात्रा काढली. राजकारणातली गुन्हेगारी, भूखंड, बिल्डर आणि टोळ्या यांच्यावर ते सभांमागून सभा घेत होते. वसईच्या वाचकांना त्या काळाचे वर्णन करून सांगायला नको. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचा लढा चालू होता, संध्याकाळी दार लवकर लागे, आणि विरोधी पक्षनेता हे उघड बोलतो याचेच अनेकांना बळ वाटे. आपल्यापैकी ज्यांनी त्यांच्या पक्षाला कधी मत दिले नव्हते, त्यांनीही त्या दिवसांत त्यांची भाषणे लक्ष देऊन वाचली असतील.

१४ मार्च १९९५ रोजी मनोहर जोशी मुख्यमंत्री आणि मुंडे उपमुख्यमंत्री झाले. गृहखातेही त्यांच्याकडेच आले. सेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ असे आमदार घेऊन आलेल्या या सरकारकडून अपेक्षा फार होत्या. त्यांतल्या काहींचे काय झाले ते पाहावे. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प अरबी समुद्रात बुडवू अशी प्रचारातली गर्जना होती. सत्तेवर येताच मुंडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिच्या अहवालावरून ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्दही झाला, आणि पुढच्या सहा महिन्यांच्या आत तोच प्रकल्प नव्या अटींवर मंजूर झाला. पवारांवर केलेल्या आरोपांपैकी जे गंभीर होते ते गृहखाते हाती असतानाही सिद्ध झाले नाहीत. मुंबईच्या टोळ्यांविरुद्ध पोलिसांना त्यांनी मोकळीक दिली. शहरात त्याचे कौतुक झाले, पण चकमकीत माणूस मारणे हा न्याय नव्हे हेही म्हणणारे होते, आणि ते बरोबर होते.

अल्पसंख्य म्हणून ज्या दोन गोष्टींचा आपल्याला विसर पडू नये त्या याच काळातल्या. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करणारा न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांचा आयोग या सरकारने जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वाजपेयी यांच्या सूचनेवरून तो पुन्हा नेमावा लागला. १९९८ मध्ये अहवाल सभागृहात आला तो सरकारने नाकारला. दुसरी गोष्ट, ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा माणसे गेली. नामांतराला पाठिंबा देणारा नेता गृहमंत्री असताना हे घडले. १९९८ च्या नाताळात सीमेपलीकडे डांगमध्ये प्रार्थनामंदिरे जाळली गेली आणि जानेवारी १९९९ मध्ये ओरिसात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले जिवंत जाळली गेली, तेव्हा त्या पक्षाविषयी आपल्या घराघरांतून जी भीती बोलली गेली ती निराधार नव्हती. मुंडे स्वतः कडवट धर्मभेदाची भाषा फारशी करत नसत, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य केले आहे. तरी सरकारचे निर्णय हे ज्याच्याकडे खाते आहे त्याचेही निर्णय असतात.

१९९९ मध्ये सत्ता गेली. मुख्यमंत्रिपद एकदा तरी मिळावे ही त्यांची इच्छा होती आणि ती कधीच पुरी झाली नाही. त्या वर्षी जे मुख्यमंत्री झाले ते विलासराव देशमुख त्यांचे शेजारच्या लातूर जिल्ह्यातले जिवलग मित्र. दोघांची मैत्री आणि थट्टामस्करी मराठवाड्यात म्हणीसारखी झाली होती.

त्याच सुमारास एक महत्त्वाचा बदल घडला, आणि त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही असे मला वाटते. मुंडे यांनी परळीजवळ वैद्यनाथ सहकारी साखर कारखाना उभा केला. परिसरातल्या शेतकऱ्याचा ऊस जवळच गाळला जावा, जिल्ह्यात रोजगार यावा, हा हेतू बोलून दाखवला गेला आणि त्यात खोटे काही नव्हते. दुष्काळी तालुक्यात कारखाना चालवणे सोपेही नव्हते. परंतु मजुरांच्या वतीने लवादाच्या टेबलाशी बसणारा माणूस आता स्वतः कारखानदारही होता. पलीकडच्या बाजूला बसणाऱ्यांशी त्याचे हितसंबंध जुळले होते. घराण्यांच्या ज्या व्यवस्थेविरुद्ध तो उभा राहिला त्या व्यवस्थेची पायरी तो चढला होता. यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. महाराष्ट्रात टिकाऊ सत्तेचा दुसरा रस्ता त्या काळी कोणाला सापडला होता?

पुढची वर्षे दुःखाची आणि कुचंबणेची. २२ एप्रिल २००६ रोजी प्रमोद महाजनांवर सख्ख्या भावाने गोळ्या झाडल्या आणि ३ मे रोजी ते गेले. दिल्लीतला आधार तुटला. २००८ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या अध्यक्षनिवडीवरून रागावून मुंड्यांनी पक्षाची सर्व पदे सोडली आणि समजूत निघाल्यावर परत घेतली. २००९ मध्ये ते बीडमधून लोकसभेवर गेले आणि पक्षाचे लोकसभेतील उपनेते झाले. तिथे २०१० मध्ये इतर मागासवर्गीयांची जातवार गणना व्हावी ही मागणी त्यांनी लावून धरली. पक्षातल्या कित्येकांना ती अडचणीची वाटली. केंद्रीय मंत्रिमंडळाने येत्या जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय केला तो ३० एप्रिल २०२५ रोजी, म्हणजे पंधरा वर्षांनी.

लोकसभेवर जाताना परळीची विधानसभा कोणाला द्यायची हा प्रश्न आला. पंडितअण्णांचे चिरंजीव धनंजय काकांच्या हाताखाली तयार झाले होते. उमेदवारी मिळाली ती कन्या पंकजा यांना. ज्या भावाने शिकवले त्याच्या घरात आणि ज्याला शिकवले त्याच्या घरात तेव्हापासून दरी पडली. २०१२ मध्ये पंडितअण्णा राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले, पाठोपाठ धनंजयही. शरद पवारांच्या पक्षाने मुंड्यांच्या घरातच विरोधक उभा केला, असे तेव्हा म्हटले गेले. पण दार आतून उघडले नसते तर बाहेरचा आत आला नसता. घराणेशाहीविरुद्ध बोलत मोठा झालेला माणूस वारसा वाटताना त्याच पेचात सापडला. जुन्या वतनदारांच्या कागदपत्रांत भाऊबंदकीच्या अशा तक्रारींची थप्पीच्या थप्पी सापडते.

२०१४ मध्ये त्यांनी शिवसेनेसह रामदास आठवले, राजू शेट्टी आणि महादेव जानकर यांना एकत्र आणून महायुती बांधली. ४८ पैकी ४२ जागा आल्या. २६ मे रोजी ते केंद्रात ग्रामविकासमंत्री झाले. रोजगार हमी, खेड्यांचे रस्ते, पंचायती, पिण्याचे पाणी. बालाघाटाच्या माणसाला यापेक्षा योग्य खाते मिळाले नसते. ३ जूनच्या सकाळी बीडमधल्या सत्कारासाठी विमानतळाकडे निघाले असताना दिल्लीच्या रस्त्यावर दुसरी गाडी येऊन धडकली आणि ते गेले. चौसष्ट वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी परळीत अंत्यसंस्कार झाले तेव्हा लोकांचा आक्रोश आवरता आला नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांना प्रेम आणि सत्ता यांतला फरक कळला असेल.

त्या प्रेमाचा आकडा ऑक्टोबरमध्ये मोजला गेला. पोटनिवडणुकीत धाकट्या कन्या प्रीतम ६ लाख ९६ हजारांहून अधिक मताधिक्याने विजयी झाल्या. लोकसभेच्या इतिहासात तोवर एवढे मताधिक्य कोणालाही मिळाले नव्हते. स्वतः मुंडे त्याच वर्षी जिवंतपणी सुमारे १ लाख ३६ हजारांनी जिंकले होते. मग ओहोटी लागली. २०१९ मध्ये परळीत धनंजय यांनी पंकजांचा तीस हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. काळाचा विनोद असा, की २०२४ मध्ये बहीण-भाऊ युतीमुळे एका बाजूला आले आणि तरी मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने तापलेल्या जिल्ह्यात पंकजा लोकसभेला ६,५५३ मतांनी हरल्या. त्या वर्षाच्या डिसेंबरात दोघेही राज्यात मंत्री झाले. त्याच महिन्यात धारूरच्या शेजारच्या केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली होती. तिच्या तपासाने उठलेल्या वादळात धनंजय यांना ४ मार्च २०२५ रोजी राजीनामा द्यावा लागला. गुन्हेगारीविरुद्ध संघर्षयात्रा काढणाऱ्याच्या जिल्ह्याची ओळख सबंध देशाला या हत्येने झाली, याचे शल्य तिथल्या साध्या माणसाला सर्वाधिक आहे.

मुंड्यांनी आयुष्यभर लावून धरलेली नगर-बीड-परळी रेल्वे नगरहून बीडपर्यंत धावली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मंजुरीपासून तीस वर्षे लागली.

आणि कोयता? २०१९ मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, दुखणे काढायला सवड नाही, डॉक्टरने भीती घातली, अशी कारणे निघाली. मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ निघाले, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आली. काही ठिकाणी ती चालू झाली आणि आजी-आजोबांपाशी किंवा फडावर राहणारी काही मुले शाळेत टिकली.

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये दराची बैठक झाली. एका बाजूला शरद पवार होते, दुसऱ्या बाजूला पंकजा मुंडे. तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टोळ्या त्याआधीच घाटातून निघून फडावर पोचल्या होत्या.